एक ना धड?

१८३७ सालच्या जून महिन्यात लंडनच्या वाचकांना ‘पिकविक पेपर्स’चा हप्ता मिळाला नाही आणि ‘ऑलिव्हर ट्विस्ट’चाही मिळाला नाही. मेच्या सुरुवातीला चार्ल्स डिकन्सची सतरा वर्षांची मेव्हणी मेरी होगार्थ अचानक वारली आणि पंचविशीतल्या डिकन्सने लेखणी खाली ठेवली. लेखणी एकच होती, पण थांबल्या दोन कादंबऱ्या. ‘पिकविक’ १८३६ च्या एप्रिलपासून दरमहा निघत होती, ‘ऑलिव्हर’ १८३७ च्या फेब्रुवारीत तिच्या जोडीला आली, आणि ‘ऑलिव्हर’ संपायच्या आत १८३८ मध्ये ‘निकोलस निकलबी’ सुरू झाली. भरीला ‘बेंटलीज मिसेलनी’ या मासिकाचे संपादन होतेच. ही हकिकत सहसा डिकन्सच्या अफाट उरकाचा दाखला म्हणून सांगितली जाते. तिची दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही. याच काळात, १८३६ मध्येच, त्याने आणखी एका कादंबरीचा करार केला होता. ती ‘बार्नबी रज’. छापून यायला १८४१ उजाडले. बाकीच्या कादंबऱ्यांसाठी दर महिन्याला छापखान्याचा तगादा होता, ‘बार्नबी’साठी नव्हता, म्हणून ती पाच वर्षे मागे पडली.

अनेक मोठी लेखने एकाच वेळी हाती घ्यावीत, की एक संपवून मगच दुसऱ्याला हात घालावा, हा वाद लिहिणाऱ्यांत जुना आहे. आपल्या भाषेने त्याचा निकाल कधीच लावून टाकला: एक ना धड, भाराभर चिंध्या. पण ग्रंथालयाची कपाटे ही म्हण इतकी सहज मान्य करत नाहीत. बाल्झाक एका कादंबरीची प्रुफे तपासता तपासता दुसरी लिहीत असे. आयझॅक ॲसिमॉव्ह एका पुस्तकात अडकला की दुसऱ्याकडे वळे, आणि त्याच्या नावावर सुमारे पाचशे पुस्तके आहेत. तेव्हा दोन्ही बाजूंना थोरांची नावे पुढे करता येतात, आणि नुसती नावे पुढे केल्याने काहीच ठरत नाही. मला वाटते, गोंधळ प्रश्नाच्या मांडणीतच आहे. ‘किती लेखने चालू आहेत’ असे आपण विचारतो. विचारायला हवे ते ‘कोणते लेखन कोणत्या टप्प्यावर आहे’ हे. साहित्य गोळा करणे, प्रत्यक्ष खर्डा लिहिणे आणि लिहिलेले तपासून छापखान्याकडे धाडणे ही तीन निराळ्या जातीची कामे आहेत. पहिल्या कामात दहा विषय एकत्र नांदू शकतात. तिसऱ्यातही दोन-तीन चालतात. मधल्या कामात मात्र एकाच लेखनाला जागा असते, आणि जिथे दोन दिसतात तिथे दुसऱ्याची किंमत कुठल्या तरी तिसऱ्याने मोजलेली असते.

मराठीतले सर्वांत ठळक उदाहरण हरि नारायण आपट्यांचे. १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू झाले आणि त्याची पाने भरण्याचे मुख्य ओझे संपादकाच्याच डोक्यावर आले. पहिल्याच वर्षी ‘पण लक्षात कोण घेतो’ ही सामाजिक आणि ‘म्हैसूरचा वाघ’ ही ऐतिहासिक कादंबरी एकाच सुमाराला चालू होत्या. पुढेही एक आजकालची आणि एक गतकाळची असा दुहेरी संसार वर्षानुवर्षे चालला. सोबत आनंदाश्रमाचे व्यवस्थापन आणि पुण्याच्या नगरपालिकेतले काम होते ते वेगळेच. पहिलीतल्या यमूची कहाणी आणि दुसरीतल्या टिपूची कहाणी एकाच हाताने, एकाच आठवड्यात लिहिली जात होती, आणि त्यातली पहिली आजही वाचली जाते. म्हणजे दोन कादंबऱ्या एकत्र लिहिल्या की दोन्ही बिघडतात हे म्हणणे टिकत नाही. मात्र त्याच यादीच्या तळाशी पाहावे. १९१३ च्या सुमाराला ‘वज्राघात’ आणि ‘कर्मयोग’ दोन्ही सुरू झाल्या. ‘वज्राघात’ १९१५ पर्यंत पूर्ण झाली. ‘कर्मयोग’ १९१७ पर्यंत रखडली आणि अपुरीच राहिली. १९१९ मध्ये हरिभाऊ गेले. हप्त्याच्या धाकाने जे लिहून होते, ते हप्ता बंद झाला की जागच्या जागी थांबते. त्यामुळे हरिभाऊंचा किंवा डिकन्सचा दाखला देणाऱ्याने एवढे तरी सांगावे की त्यांच्या मानगुटीवर दर आठवड्याला, दर महिन्याला छापखाना बसलेला होता. आज घरी बसून तीन कादंबऱ्या ‘एकत्र’ लिहिणाऱ्याच्या मानगुटीवर कोण असते?

एकावेळी एक या पंथाचे लोक नेहमी सांगतात की दोन कथानके डोक्यात एकमेकांत मिसळतात, पात्रे एकमेकांसारखी बोलू लागतात. हा आक्षेप मला दुबळा वाटतो, आणि तो खोडून काढणारा साक्षीदार त्यांच्याच गोटातला आहे. अँथनी ट्रोलप हा टपाल खात्याची नोकरी सांभाळून सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिणारा गृहस्थ. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, समोर घड्याळ ठेवायचे, पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द व्हायलाच हवेत असा हिशेब, आणि रोजची पाने वहीत नोंदवायची. एक कादंबरी संपली की दुसरी सुरू. दोन एकत्र नाहीत. अपवाद एकदाच झाला. ‘कॅसल रिचमंड’ अर्धवट असताना १८६० च्या जानेवारीत निघणाऱ्या ‘कॉर्नहिल’ मासिकासाठी ‘फ्रॅमली पार्सनेज’ची मागणी आली आणि काही काळ दोन्ही कादंबऱ्या त्याच्या डोक्यात वावरल्या. आत्मचरित्रात तो सांगतो की यात त्याला काही जड गेले नाही. शहरातल्या मित्रांकडून गावाकडच्या मित्रांकडे गेलो म्हणून कुणी कुणाच्या घरातल्या गोष्टी विसरत नाही. हे पटण्याजोगे आहे. सासर-माहेरचे दोन गोतावळे माणसे जन्मभर न मिसळता सांभाळतात. अडचण स्मरणशक्तीची नाहीच. ती दुसरीकडे आहे, आणि तिचा काही भाग तर निव्वळ अंकगणित आहे.

समजा, तीन पुस्तके आहेत आणि प्रत्येकाला तीनशे दिवसांचे काम आहे. एकामागून एक लिहिली तर पहिले तीनशेव्या दिवशी, दुसरे सहाशेव्या आणि तिसरे नऊशेव्या दिवशी हातावेगळे होते. रोज पाळीपाळीने एकेक घेतले तर तिसरे नऊशेव्या दिवशीच संपते, पण पहिली दोनही आठशे अठ्ठ्याण्णव आणि आठशे नव्व्याण्णव दिवस अडकून पडतात. एकूण मेहनत तेवढीच, एका कामातून दुसऱ्यात जाताना काही सांडले नाही असे धरून, आणि तरीही तिसऱ्या पुस्तकाला एका दिवसाचाही फायदा झालेला नाही. रांगांच्या गणितात जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम हेच सांगतो: दुकानात सरासरी किती गिऱ्हाइके आहेत त्याला तासाला किती बाहेर पडतात याने भागले, की एका गिऱ्हाइकाला लागणारा सरासरी वेळ निघतो. बाहेर पडण्याचा वेग तोच ठेवून आत गर्दी वाढवली की प्रत्येकाचा मुक्काम लांबतो. हे कागदावरचे झाले. प्रत्यक्षातला पुरावा मिलानच्या कामगार न्यायालयातून मिळतो. कोव्हिएल्लो, इकिनो आणि पेर्सिको या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या न्यायाधीशांच्या कामाचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे खटल्यांचे वाटप न्यायाधीशाच्या मर्जीने होत नाही, त्यामुळे तुलना न्याय्य ठरते. एकाच वेळी अधिक खटले उघडून बसणाऱ्यांचे खटले निकाली निघायला जास्त काळ लागत होता. खटला आणि कादंबरी यांत फरक आहे खरा, पण दोन्ही महिनोन्महिने चालतात आणि दोन्हींत मागचे कागद पुन्हा वाचल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही, एवढे साम्य मला पुरेसे वाटते.

मानसशास्त्राचा पुरावा इथे फार ओढून आणला जातो, म्हणून त्याला थोडक्यात मार्गी लावतो. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले की एक काम अर्धे टाकून दुसऱ्याकडे वळले की लक्षाचा काही भाग पहिल्यातच गुंतून राहतो. त्याआधी १९२७ मध्ये ब्ल्युमा झायगार्निक यांनी अर्धवट तोडलेली कामे पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अधिक आठवतात असे मांडले होते; तो परिणाम पुढच्या सगळ्या प्रयोगांत सापडलेला नाही. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ मधल्या प्रयोगांत तर, अपुऱ्या कामाचे पुढचे पाऊल नेमके ठरवून ठेवले की त्याचा मनाला लागलेला घोर बऱ्याच अंशी ओसरला. हे सगळे प्रयोग मिनिटांच्या कामांवरचे आहेत, आणि मिनिटांवरून वर्षांवर उडी मारताना सावध राहिलेले बरे. मात्र एक कामाची गोष्ट यातून हाती लागते. बाजूला ठेवलेले लेखन त्रास देते ते ते अपुरे असते म्हणून नव्हे. त्याचे पुढे काय करायचे हे ठरलेले नसते म्हणून. दिवस संपताना उद्याचे पहिले वाक्य लिहून ठेवण्याची कित्येक लेखकांची सवय असते, तिचे इंगित हेच असावे.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम साक्षीदार: चार्ल्स डार्विन. मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड ग्रूबर यांनी डार्विनच्या वह्यांचा अभ्यास करून १९७४ मध्ये ग्रंथ लिहिला, आणि सर्जनशील माणूस एकच उद्योग न करता उद्योगांचे जाळे विणतो अशी कल्पना त्यांनी मांडली. एका धाग्यात गाठ पडली की दुसरा ओढायचा. आणि दुसऱ्यात सापडलेले पहिल्यात कामी येते. डार्विनने गांडुळांवरचा पहिला निबंध १८३७ मध्ये वाचला आणि गांडुळांवरचे पुस्तक १८८१ मध्ये काढले. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत प्रवाळ, बार्नकल, ऑर्किड, वेली, माणसाची उत्पत्ती असे सगळे झाले आणि गांडुळे मागे कुठेतरी चालूच राहिली. आपल्या हाती नेहमी कित्येक निरनिराळे विषय असतात असे तो स्वतःच आत्मवृत्तात सांगतो. पण त्याच वाक्यात पुढे काय आहे ते लोक वाचत नाहीत. चिठ्ठ्या लावलेल्या कप्प्यांत तीस-चाळीस मोठ्या दप्तरांची रांग आहे, आणि हाती आलेला संदर्भ किंवा टिपण ताबडतोब ज्याच्या त्याच्या दप्तरात पडते. म्हणजे डार्विनचे अनेक विषय चालू होते ते दप्तरांत. टेबलावरची स्थिती वेगळी होती. १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे तो प्रामुख्याने बार्नकलांचे ग्रंथ लिहीत होता, आणि १८४४ मध्ये लिहून झालेला जातींच्या उत्पत्तीचा मसुदा तोवर थांबून होता. १८५६ मध्ये त्याने जातींवरचा मोठा ग्रंथ हाती घेतला; १८५८ मध्ये तीच कल्पना मांडणारे वॉलेसचे पत्र येताच तो ग्रंथही बाजूला सारला आणि त्याचा संक्षेप म्हणून ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९ च्या नोव्हेंबरात बाजारात आणला. संग्रहात चाळीस आणि खर्ड्यात एक, अशी ही व्यवस्था होती. बाजूला ठेवल्याने विचार पिकतो या म्हणण्यालाही इथेच आधार आहे. सिओ आणि ऑर्मरॉड यांनी २००९ मध्ये अशा शंभराहून अधिक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा विश्रांतीचा फायदा खरा निघाला. पण भाषिक कोड्यांच्या बाबतीत तो मधल्या वेळात हलके काम असले तर अधिक मिळत होता. एका कादंबरीला विश्रांती म्हणून दुसरी कादंबरी लिहिणे हे काही हलके काम नव्हे.

जोडकाम हाती घेतलेच तर ते केवढे असावे, यावर बरेच अवलंबून असते. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’चे तीन खंड १९६८, १९६९ आणि १९७३ मध्ये आले, बेत सात खंडांचा होता. १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे पाहून त्यांना छपाईची किळस आली आणि गणिती मजकूर नीट जुळवणारी प्रणाली आपणच करावी असे त्यांनी ठरवले. रजेच्या एका वर्षात आटपेल असा अंदाज होता. लागले जवळपास दशक. त्यातून ‘टेक’ ही प्रणाली जन्मली, जिच्यावर पुढे देवनागरीही जुळवली गेली. आणि चौथ्या खंडाचा पहिला भाग बाहेर पडला २०११ मध्ये, म्हणजे तिसऱ्या खंडानंतर अडतीस वर्षांनी. जगाचा यात तोटा झाला असे मी म्हणणार नाही. गणिताच्या अभ्यासकांना विचारले तर फायदाच झाला. पण वाट वाकडी करायची म्हणून निघालेला माणूस त्या वाटेवर वसती करून राहतो, हे यातून दिसते. याउलट एकनाथांचे पाहा. भागवताच्या एकादश स्कंधावरची प्रचंड टीका त्यांनी पैठणला आरंभली आणि १५७३ मध्ये काशीला पूर्ण केली. त्या आरंभ आणि समाप्तीच्या मध्ये, काशीतच, १५७१ मध्ये ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहून झाले. हे काव्य भागवताच्याच दशम स्कंधातल्या कथेचे आहे. सामग्री तीच, श्रोते तेच, ओवी तीच, आकार कितीतरी आटोपशीर. मोठ्या भांड्यात लहान भांडे बसावे तसे ते बसले आणि मोठ्याला तडा गेला नाही. दोन समान आकाराच्या कामांत आलटून पालटून हेलपाटे घालणे आणि एका मोठ्या कामाच्या पोटात एक लहान काम संपवून परतणे, या दोहोंना आपण सरसकट ‘अनेक लेखने’ म्हणतो. ते चूक आहे.

यावर खरा बोचणारा आक्षेप असा, की एकनिष्ठ राहणारेही कुठे संपवतात? रॉबर्ट कॅरो यांनी १९७४ मध्ये ‘द पॉवर ब्रोकर’ दिल्यानंतर लिंडन जॉन्सनच्या चरित्राला वाहून घेतले. खंड आले १९८२, १९९०, २००२ आणि २०१२ मध्ये. त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी पाचवा आला नव्हता. एकच काम असूनही हे घडते, कारण एकनिष्ठेमुळे संशोधन आवरत नाही, उलट त्याला मोकळे रान मिळते. हा आक्षेप मी मान्य करतो. एकावेळी एक ही शिस्त कामाचा आकार ठरवत नाही. आकार निराळा ठरवावा लागतो. पण कॅरोंच्या चार खंडांपैकी प्रत्येक खंड स्वतंत्रपणे पुरा आहे, आणि वाचकाच्या हाती चार पूर्ण पुस्तके आहेत. हेच पाचही खंड त्यांनी एकदम उघडून ठेवले असते तर? अंकगणित वर केलेलेच आहे.

दुसरा आक्षेप पोटाचा, आणि तो मराठीत अधिक लागू. एका पुस्तकाच्या मानधनावर मराठी लेखकाचे घर चालत नाही. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे लेखकाचे वर्ष दिवाळीभोवती फिरते. उन्हाळ्यापासून संपादकांचे फोन सुरू होतात, एका कथेला दोन, दोनाला पाच शब्द दिले जातात आणि अर्ध्यावरची कादंबरी दसऱ्यापर्यंत दप्तरात जाते. यावर ‘नाही म्हणायला शिका’ हा उपदेश फुकटचा आहे. नोकरी किंवा पिढीजात उत्पन्न असणाऱ्यांनीच तो करावा. मात्र कथा हे लहान भांडे आहे. ती पावसाळ्यात लिहून संपते आणि कादंबरीचा धागा पुन्हा हाती घेता येतो. नाश होतो तो दिवाळी अंकांत तीन वेगवेगळ्या कादंबऱ्यांची ‘आगामी कादंबरीतील प्रकरणे’ देणाऱ्याचा, कारण पहिली प्रकरणे तीन होतात आणि अकरावे एकही होत नाही. पोट आणि मोठे काम यांची सांगड घालण्याचा दुसरा मार्ग केतकरांनी दाखवला. महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी त्यांनी मर्यादित कंपनी उभारली, भागधारक आणि वर्गणीदार गोळा केले, आणि एकेक करून तेवीस खंड १९२९ पर्यंत लोकांच्या हाती दिले. केतकर एकमार्गी खासच नव्हते. समाजशास्त्रापासून कादंबरीपर्यंत सगळीकडे त्यांचा संचार होता. पण ज्या कामावर लोकांचे पैसे लागले होते ते त्यांनी रखडू दिले नाही. छापखान्याच्या तगाद्याचीच ही मोठी आवृत्ती.

ज्यांच्यामागे तगादा नव्हता त्यांतले सर्वांत मोठे नाव राजवाड्यांचे. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड एका बाजूला, आणि ज्ञानेश्वरी, व्याकरण, व्युत्पत्ती, विवाहसंस्था दुसऱ्या बाजूला. १९२६ च्या अखेरीस ते गेले तेव्हा विवाहसंस्थेचा इतिहास ठरल्याच्या काही अंशानेच झाला होता, आणि धातुकोश धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने त्यांच्या पश्चात छापला. त्यांच्या विषयांच्या पसाऱ्याचे कौतुक करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. मला त्या न लिहिलेल्या प्रकरणांची हळहळ अधिक वाटते.

अपुरे राहणे कुणालाच टळत नाही. पण अपुरे राहण्याचेही प्रकार आहेत. मार्क्सने ‘कॅपिटल’चा पहिला खंड १८६७ मध्ये दिला, आणि पुढची सोळा वर्षे पुन्हा पुन्हा नवे मसुदे सुरू करण्यात, रशियन शिकण्यात, मानववंशशास्त्राच्या आणि गणिताच्या वह्या भरण्यात घालवली. तो गेल्यावर एंगल्सला दुसरा खंड काढायला १८८५ आणि तिसरा काढायला १८९४ साल लागले. तिसऱ्या खंडातल्या चौथ्या प्रकरणाचे तर नुसते शीर्षक सापडले. ते प्रकरण एंगल्सने स्वतः लिहिले. एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ही अपुरेच राहिले. परंतु ते कांडामागून कांड, अध्यायामागून अध्याय असे ओळीने लिहिले गेले होते आणि युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायाशी थांबले होते. त्यांचा शिष्य गावबा याने पंचेचाळिसाव्यापासून पुढे सुरुवात केली आणि ग्रंथ पुरा केला.